पाणी तेवढंच की जास्त? मुलांच्या अक्षय्यतेच्या चाचण्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पालक, बालवाडीच्या ताई आणि डी.एल.एड.-बी.एड.चे विद्यार्थी थोड्याफार फरकाने हेच प्रश्न पाठवत राहतात, म्हणून एकदाच सविस्तर उत्तरं लिहिली आहेत. एखाद्या उत्तरात दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिसला तर तो मुद्दा तिथे आलाय असं समजा.

१. अक्षय्यता म्हणजे नक्की काय? हे पर्यावरणाबद्दल आहे का?

नाही. इंग्रजीत हिला ‘कॉन्झर्वेशन’ म्हणतात, म्हणून तसं वाटतं. शाळेत आपण ‘द्रव्य अक्षय्यतेचा नियम’ पाठ केला, त्याच कुळातली ही अक्षय्यता. वस्तूचा आकार, मांडणी किंवा भांडं बदललं, पण त्यात काही घातलं नाही आणि काढलंही नाही, तर तिचं प्रमाण तेवढंच राहतं, ही समज. मोठ्यांच्या ती इतकी अंगवळणी पडलेली असते, की ती कधीतरी यावी लागते हेच आपण विसरतो. पुस्तकागणिक मराठी शब्द बदलतो. इथे सगळीकडे ‘अक्षय्यता’च वापरलाय.

या चाचण्या स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे (१८९६–१९८०) यांच्या. अभ्यासक्रमाच्या पुस्तकांत त्यांचं नाव ‘जीन पियाजे’ असं छापतात. तरुणपणी ते पॅरिसमध्ये मुलांच्या बुद्धिमापन चाचण्यांवर काम करत होते. काम होतं बरोबर उत्तरं मोजायचं, पण त्यांचं लक्ष गेलं चुकीच्या उत्तरांकडे: एका वयाची मुलं एकाच प्रकारे का चुकतात? पुढे जिनिव्हात अलिना शेमिन्स्का आणि बार्बेल इन्हेल्डर या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी संख्या आणि राशी (म्हणजे एखाद्या गोष्टीचं प्रमाण) यांवरचे प्रयोग केले. ते १९४१ मध्ये दोन पुस्तकांतून प्रसिद्ध झाले. चुकीचं उत्तर ही वाया गेलेली गोष्ट नाही, हे धरूनच या चाचण्या बांधल्या आहेत.

२. पाण्याची चाचणी पायरीपायरीने कशी घेतात?

दोन अगदी एकसारखे पारदर्शक ग्लास आणि एक उंच, अरुंद ग्लास घ्या. घरातले स्टीलचे पेले चालत नाहीत, पातळी दिसायला हवी. पाण्यात थोडं कोकम सरबत घातलं की ती लांबूनही दिसते.

आधी दोन्ही सारख्या ग्लासांत सरबत ओता आणि मुलालाच विचारा, “हा तुझा, हा माझा. दोघांना तेवढंच आहे का?” मूल म्हणालं “तुला जास्त आहे,” तर त्याच्या सांगण्याप्रमाणे थेंब-थेंब इकडचं तिकडे करा. ते स्वतःहून “आता झालं” म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही. घाई झाली की पुढच्या सगळ्यावर पाणी पडतं.

मग मुलाच्या डोळ्यांदेखत एका ग्लासातलं सगळं सरबत उंच ग्लासात ओता. विचारा, “आता कुणाला प्यायला जास्त आहे? तुला, मला, की दोघांना तेवढंच?” उत्तर आलं की “का बरं?” असं विचारा आणि गप्प बसा. हे गप्प बसणं सर्वांत अवघड. मूल तोंडात बोट घालून पाच-दहा सेकंद ग्लासाकडे बघत असतं आणि आपल्या जिभेवर उत्तर वळवळत असतं. चार-पाच वर्षांचं मूल बहुधा उंच ग्लासाकडे बोट दाखवून म्हणतं, “यात जास्त. हे बघ, इथपर्यंत आलंय.”

शेवटी सरबत परत मूळ ग्लासात ओता आणि पुन्हा विचारा. मूल शांतपणे म्हणतं, “आता तेवढंच.” मधल्या वेळात जास्त झालं होतं आणि आता पुन्हा सारखं झालं, यात त्याला काही वावगं वाटत नाही. पहिल्यांदा हे पाहणारा पालक हसतो. माझ्या मते चाचणीतला सर्वांत बोलका क्षण तोच.

३. पाण्याशिवाय आणखी कोणत्या चाचण्या आहेत, आणि कोणती कोणत्या वयात जमते?

संख्येची चाचणी सर्वांत सोपी. सहा-सात चिंचोक्यांच्या दोन रांगा समोरासमोर मांडायच्या, मग एक रांग पसरवायची. पदार्थाच्या चाचणीत मातीचे दोन सारखे गोळे घेऊन एकाची लांब वळी करायची. कणीकही चालते, पण ती हाताला चिकटली की मूलच म्हणतं, “थोडी तुझ्या हाताला गेली,” आणि ते खरंही असतं. लांबीसाठी दोन सारख्या काड्यांपैकी एक पुढे सरकवतात. क्षेत्रफळासाठी दोन सारखी हिरवी कुरणं, प्रत्येकात एक गाय आणि सारख्याच संख्येची छोटी घरं. एका कुरणात घरं चिकटून, दुसऱ्यात विखुरलेली. कुठल्या गाईला जास्त चारा? वजनासाठी तेच मातीचे गोळे तराजूच्या संदर्भात, आणि आकारमानासाठी तेच गोळे पाण्यात बुडवल्यावर पाणी किती वर चढेल ते विचारून.

पियाजेंच्या मते संख्येची अक्षय्यता साधारण सहा-सातच्या सुमारास येते, द्रव आणि पदार्थाची सात-आठला, वजनाची नऊ-दहाला आणि आकारमानाची अकरा-बाराला. ही वयं वेळापत्रकासारखी वाचू नका. वर्ष-दोन वर्षं मागेपुढे सहज होतं. क्रम मात्र बऱ्यापैकी टिकतो.

४. माझी साडेचार वर्षांची मुलगी उंच ग्लासात जास्त पाणी आहे म्हणते. काळजी करू का?

नका करू. या वयात हेच उत्तर अपेक्षित आहे. ही पास-नापासाची परीक्षा नाही आणि एकट्या या चाचणीवरून कुठलंही निदान होत नाही. मुलीच्या बोलण्याबद्दल, ऐकण्याबद्दल किंवा एकूण वाढीबद्दल वेगळी शंका असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा, पण ग्लासांच्या खेळावरून नव्हे.

५. मुलाने “तेवढंच” म्हटलं. म्हणजे जमलं ना?

अजून नाही. तीन पर्यायांतून एक निवडणं ठोकताळ्यानेही जमतं. खरा माल “का बरं?”च्या उत्तरात असतो.

पियाजेंना तीन प्रकारची कारणं मिळाली. एक, “तेच तर पाणी आहे, तू काही घातलं नाहीस.” दोन, “हा उंच आहे, पण बारीक आहे,” म्हणजे एका बाजूची वाढ दुसऱ्या बाजूच्या घटीने भरून काढणं. तीन, “परत ओतलंस तर पहिल्याएवढंच होईल,” म्हणजे मनातल्या मनात क्रिया उलटी फिरवणं. टीईटीला (शिक्षक पात्रता परीक्षेला) बसणाऱ्यांनी हे तिन्ही वेगळे ओळखायला शिका. तिसरं कारण दिलेलं असताना दुसऱ्यावर खूण करणं ही नेहमीची चूक.

कारण मिळाल्यावर उलटतपासणी करायची: “काल एक मुलगा म्हणाला, उंच ग्लासात जास्त आहे. त्याचं बरोबर होतं का?” समज पक्की असलेलं मूल हटत नाही. सहा-सात वर्षांची एक मुलगी मला म्हणाली होती, “तो लहान असेल.” काही मुलं मात्र मधल्या टप्प्यावर असतात: चिंचोक्यांत “तेवढेच”, पाण्यात “जास्त”, उलटतपासणीत पुन्हा “नाही, सारखं”. त्यांना ‘गोंधळलेलं’ म्हणू नका, त्यांच्याकडे जास्त लक्ष द्या (प्रश्न १० पाहा).

६. माझा मुलगा दोन्ही रांगा मोजतो, दोन्हींत सात सांगतो आणि तरी “ही जास्त” म्हणतो! हे कसं शक्य आहे?

शक्य आहे, आणि पियाजेंनीही हे नोंदवलंय. मोजणं म्हणजे शब्दांची माळ बोटांबरोबर चालवणं; ‘सात’ म्हटलं की मांडणी कशीही असो, राशी तीच, हे वेगळं कळावं लागतं. मुलाच्या लेखी ‘सात’ हे रांगेचं नाव आहे आणि ‘जास्त’ हे तिच्या लांबीचं वर्णन. दोन्ही एकाच वेळी खरं असायला त्याला अडचण दिसत नाही.

यावर दुसरंही स्पष्टीकरण आहे. फ्रान्समधले ऑलिव्हिए ऊदे आणि सहकारी म्हणतात, की मुलाला संख्या कळत नाही असं नाही. ‘लांब म्हणजे जास्त’ हा एरवी नेहमी उपयोगी पडणारा ठोकताळा त्याला ऐनवेळी आवरता येत नाही. बाजारात लांब दिसणारी रांग खरोखरच जास्त माणसांची असते, तो ठोकताळा काही वेडा नाही. २०११ मध्ये त्यांनी मेंदूचं स्कॅनिंग करून हीच चाचणी घेतली. चाचणी जमणाऱ्या मुलांत संख्येशी संबंधित भागांबरोबरच आवर घालण्याशी संबंधित पुढचे भागही कामाला लागलेले दिसले. मला हे स्पष्टीकरण पटतं.

७. प्रश्न मराठीत नेमका कसा विचारायचा? भाषांतर केलं की मुलं भलतंच उत्तर देतात.

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, आणि अर्धी गडबड इथेच होते.

पहिला घोटाळा ‘सारखं’ या शब्दाचा. “दोन्ही सारखं आहे का?” यात ‘सारखं’ म्हणजे प्रमाणाने समान की दिसायला एकसारखं? सरबत उंच ग्लासात ओतल्यावर ते दिसायला सारखं नसतंच. मूल “नाही” म्हणतं, ते तुमच्या प्रश्नाला नाही, डोळ्यांसमोरच्या चित्राला उत्तर देतं. शिवाय ‘सारखं’ म्हणजे ‘सतत’ही होतं (“सारखं काय पाणी पाणी!”). त्यापेक्षा ‘तेवढंच’ किंवा ‘तितकंच’ बरं. शहरातली मुलं ‘सेम’ म्हणतात, पण ‘सेम’लाही दिसण्याचा तोच रोग आहे.

दुसरा घोटाळा ‘मोठं’चा. मराठीत उंच मूलही मोठं, वयाने थोरलंही मोठं, मोठं भांडंही मोठं. “मोठं कुठलं?” असं विचाराल तर उंच ग्लास दाखवणारं मूल मराठीच्या हिशेबाने अगदी बरोबर आहे. ‘जास्त’च म्हणा, आणि कशासाठी जास्त तेही म्हणा: “प्यायला जास्त कुणाला मिळेल?” “खायला जास्त कुणाला?” पियाजेसुद्धा पाणी कुणीतरी प्यायचं आहे अशा गोष्टीतूनच प्रश्न मांडत.

तिसरं म्हणजे पर्यायांचा क्रम. “कशात जास्त आहे?” एवढंच विचारलं तर त्यात कशात तरी जास्त आहेच हे गृहीत धरलेलं असतं. तिन्ही पर्याय द्या आणि दर वेळी क्रम बदला, नाहीतर शेवटचा शब्द परत म्हणणारी मुलं तुम्हाला हुशार वाटतील.

आणि भाषा घरचीच. इंग्रजी माध्यमात जाणाऱ्या मुलाला घरी अहिराणी किंवा मालवणीत बोलायची सवय असेल, तर चाचणीही त्याच बोलीत.

८. एकच प्रश्न दोनदा विचारल्यामुळे मुलं उत्तर बदलतात, हे खरं का?

बऱ्याच अंशी खरं. बाईंनी तोच प्रश्न पुन्हा विचारला म्हणजे आधीचं उत्तर चुकलं, हे मूल शाळेत पहिल्या आठवड्यात शिकतं. सुसान रोझ आणि मॅरियन ब्लँक यांनी १९७४ मध्ये पहिला प्रश्न गाळला आणि रांग बदलल्यावर एकदाच विचारलं. सहा वर्षांच्या मुलांच्या चुका कमी झाल्या.

त्याच सुमारास स्कॉटलंडमध्ये जेम्स मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी वेगळी शक्कल लढवली. चार ते सहा वर्षांची ८० मुलं. सोंगट्यांची रांग प्रयोग करणाऱ्याने नव्हे, तर खोक्यातून उडी मारून आलेल्या ‘खोडकर टेडी’ने विस्कटली. मोठ्या माणसाने मुद्दाम काही केलं की मुलाला वाटतं, त्यात काहीतरी अर्थ असणार. टेडीने केलं तर तो निव्वळ पसारा. टेडीच्या बाबतीत कितीतरी जास्त मुलांनी “तेवढेच” म्हटलं. पॉल लाइट आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये टेडीऐवजी फुटक्या काठाचं भांडं वापरलं: “अरे, हे लागेल कुणाला,” म्हणून आतला जिन्नस वेगळ्या आकाराच्या भांड्यात काढायचा. परिणाम तसाच.

पण एक पाचर आहे, आणि पुस्तकं ती बहुधा सांगत नाहीत. नंतरच्या एका प्रयोगात टेडीने रांग विस्कटताना खरोखरच सोंगट्यांची संख्या बदलली, तेव्हाही मुलं “तेवढेच” म्हणण्याकडे झुकली. म्हणजे टेडीच्या गमतीत काहींचं लक्ष सोंगट्यांवर नव्हतंच. मोठ्या माणसाच्या हेतूचा अंदाज घेऊन मूल एका बाजूला चुकतं, तसंच दुसऱ्या बाजूला ‘बरोबर’ही येऊ शकतं. म्हणून टेडीने पियाजेंना खोटं पाडलं, असं मी म्हणणार नाही.

९. दोन-अडीच वर्षांच्या मुलांनाही हे कळतं असं वाचलं. मग सात वर्षं कुठून आली?

तुम्ही वाचलं ते बहुधा जाक मेलेर आणि टॉम बीव्हर यांचं १९६७ चं काम. त्यांनी गोळ्या-चॉकलेटांच्या दोन रांगा मांडल्या. आखूड रांगेत गोळ्या जास्त होत्या. मुलांना सांगितलं, हवी ती रांग घे आणि खा. खाण्याचा प्रश्न आल्यावर खूप लहान मुलांनीही बहुधा जास्त गोळ्यांची रांग उचलली. पियाजेंनी लगेच आक्षेप घेतला: आधी समान असलेली राशी बदलानंतरही समान राहते का, हे इथे विचारलंच नाही, जास्त कुठलं ते ओळखणं आणि अक्षय्यता यांत फरक आहे. मला इथे पियाजेंची बाजू बळकट वाटते.

रोशेल गेलमन यांचा १९७२ चा ‘जादू’चा प्रयोग अधिक सुबक आहे. दोन ताटल्या, एकीत दोन खेळण्यातले उंदीर, दुसरीत तीन. तीनवाली ताटली ‘जिंकणारी’. मग मुलाच्या नकळत कधी उंदरांमधलं अंतर बदललं, कधी एक उंदीरच काढून घेतला. तीन वर्षांच्या मुलांनाही उंदीर गेल्याचं नवल वाटलं, अंतराचं त्यांना काही वाटलं नाही. म्हणजे दोन-तीन इतक्या छोट्या संख्यांची अक्षय्यता लवकर येते. सातआठ चिंचोके किंवा ग्लासभर पाणी ही पुढची गोष्ट.

१०. शिकवून हे लवकर आणता येतं का?

काही प्रमाणात. गेलमन यांनीच १९६९ मध्ये पाच वर्षांच्या मुलांना, कशाकडे लक्ष द्यायचं आणि कशाकडे नाही, याचा भरपूर सराव दिला. मुलं संख्या आणि लांबीत सुधारली, आणि न शिकवलेल्या पाणी-मातीच्या चाचण्यांतही बऱ्याच जणांना फायदा झाला. रॉबर्ट सीग्लर यांना १९९५ मध्ये दिसलं, की ‘बरोबर-चूक’ एवढंच सांगण्यापेक्षा, प्रयोग करणाऱ्याने बरोबर उत्तर देऊन “मी असं उत्तर का दिलं असेल?” हे मुलालाच सांगायला लावलं तर ते जास्त शिकतं.

कुणाला फायदा होणार याची खूण मुलाच्या हातांत असते. ब्रेकिंरिज चर्च आणि सुसान गोल्डिन-मेडो यांनी १९८६ मध्ये दाखवलं, की काही मुलं तोंडाने “हा उंच आहे” म्हणतात, पण त्याच वेळी हाताने ग्लासाची रुंदी दाखवतात. बोलणं आणि हात यांचं असं जुळेनासं झालं, की ते मूल शिकायला तयार असतं. पुढच्या वेळी “का बरं?” विचाराल तेव्हा हातांकडे बघा.

रोज संध्याकाळी ग्लास काढून तालीम घ्यावी का? माझं उत्तर: नाही. त्याने उत्तर पाठ होतं आणि ‘का’ हरवतं. पोळीचे चार तुकडे केल्यावर मूल “आता खूप झाली” म्हणून खूश झालं, तर ते तुकडे त्यालाच परत जुळवून बघू द्या. बस्स.

११. ओतताना पाणी दिसलंच नाही तर?

हा प्रयोग झालाय. जेरोम ब्रूनर यांच्या १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात ग्लास पडद्याआड ठेवून फक्त वरचे काठ दिसतील अशी सोय केली. पातळी दिसत नसताना बरीच मुलं म्हणाली, “तेवढंच, नुसतं ओतलंय.” पडदा काढल्यावर चार वर्षांची मुलं पुन्हा “जास्त”वर आली, मोठी मुलं बहुतेक आपल्या म्हणण्यावर टिकली.

१२. सगळ्या जगातल्या मुलांत हे सारखंच घडतं का?

क्रम बराचसा सारखा, वेळ वेगळी. मेक्सिकोत डग्लस प्राइस-विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये कुंभारकाम करणाऱ्या घरांतली मुलं आणि त्याच भागातली इतर मुलं यांची तुलना केली. मातीच्या चाचणीत कुंभारांची मुलं पुढे होती. रोज गोळ्याचा घट होताना पाहणाऱ्याला गोळा वाढत नाही हे वेगळं सांगावं लागत नाही.

सेनेगलमधल्या वोलोफ समाजातल्या मुलांवरचं पॅट्रिशिया ग्रीनफिल्ड यांचं काम मला सर्वांत आवडतं. शाळेत न गेलेली बरीच मुलं म्हणायची, पाणी बदललं, “कारण तुम्ही ओतलंत.” परक्या बाईच्या हातात काही करामत असावी, असा त्यांचा हिशेब. मग ग्रीनफिल्ड यांनी ओतायचं काम मुलांनाच दिलं, आणि “तेवढंच” म्हणणारी मुलं खूप वाढली. शिवाय “तुला असं का वाटतं?” या प्रश्नावर ही मुलं गप्प बसत, पण “हे असं का आहे?” म्हटलं की बोलू लागत. बालवाडीत बुजरं मूल “माहीत नाही” म्हणून मान खाली घालतं, तेव्हा या दोन्ही युक्त्या करून पाहा: तांब्या त्याच्या हातात द्या आणि ‘तुला’ हा शब्द प्रश्नातून काढून टाका.

१३. साखर विरघळते, तेव्हा काय? आणि जिथे प्रमाण खरंच बदलतं तिथे?

साखरेचा प्रयोग पियाजे आणि इन्हेल्डर यांनीही केला. लहान मुलांच्या मते साखर ‘गेली’, फक्त गोडी उरली. पुढे मुलं म्हणू लागतात की साखर आहे, पण तिला वजन नाही. वजन आणि आकारमान सर्वांत शेवटी (क्रमासाठी प्रश्न ३).

अक्षय्यता अंगात मुरली की उलटी चूकही होते, आणि ती मोठ्यांची असते. २४ सेंटीमीटर दोऱ्याचा फास करा. चौरस केला तर प्रत्येक बाजू ६, आत ३६ चौरस सेंटीमीटर. तोच दोरा ताणून १० बाय २ चा आयत केला तर आत फक्त २०. दोरा तोच, काही कापलं नाही, जोडलं नाही. तरी आतली जागा घटली. मी हे शिक्षकांच्या गटात विचारते तेव्हा निम्मे हात “तेवढीच” म्हणून वर जातात. मग कुणीतरी दोरा मागून घेतं, दोन बोटांत ताणतं, दोन्ही कडा एकमेकींना चिकटेपर्यंत, आणि म्हणतं, “अहो, आत काहीच उरलं नाही!”